यमदूत दिसले, तर आधी सोडियम तपासा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे काय असतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. दुपारी दवाखाना बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात ओळखीतले एक गृहस्थ आले. घरी येऊन आईला एकदा बघून जा म्हणाले. "इलाज नाही करायचा, डॉक्टरसाहेब. फक्त किती वेळ आहे तेवढं सांगा. अमरावतीहून बहिणीला बोलावून घेऊ का?"

आजींचं वय ७८. दोन दिवसांपासून त्या दाराकडे बोट दाखवून सांगत होत्या, की दोन काळी माणसं उभी आहेत, हातात दोर आहे, "मले न्यायले आले". घरच्यांनी याचा जो अर्थ काढायचा तो काढला होता. तोंडात गंगाजल घालून झालं होतं, उशाशी गीता होती, आणि आता कशाला त्रास द्यायचा म्हणून जेवणासाठी आग्रह करणंही थांबवलं होतं. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते.

मी तपासलं. ताप नव्हता, लकव्याची लक्षणं नव्हती, छाती साफ होती. वारांची नावं उलटी म्हणायला सांगितली, तर शनिवार, शुक्रवार म्हणून अडकल्या आणि पुन्हा दाराकडे पाहू लागल्या. मग मी गोळ्यांची पिशवी मागितली. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. त्यात कोणीतरी मीठ पूर्ण बंद करायला सांगितलेलं, आणि उन्हाळा म्हणून घरच्यांनी प्रेमाने माठातलं पाणी तांब्यामागून तांब्या पाजलेलं. रक्त तपासलं. सोडियम ११२. ते १३५ ते १४५ असायला हवं.

सोडियम इतकं उतरलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात आणि माणूस भ्रमात जातो. आजींना भरती केलं, ती गोळी थांबवली आणि सोडियम हळूहळू वर आणलं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. चोवीस तासांत आठ-दहाच्या वर वाढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चौथ्या दिवशी आजींनी चहा मागितला आणि सुनेने साखर कमी घातली म्हणून तिला बोलणी बसली. मी विचारलं, "आजी, ते दोघं कुठं गेले?"

"गेले बाप्पा. तुमच्या सुया पाहून भ्याले असतील."

दिसायला कसे होते, हेही मी विचारलं. कॅलेंडरवर असतात तसेच, म्हणाल्या.

हे उत्तर ऐकल्यापासून मी या विषयावर लिहायचं म्हणत होतो. भ्रमातला मेंदू चित्र नव्याने काढत नाही, आपल्या कपाटात जे आहे तेच बाहेर काढतो. आजींच्या कपाटात यमदूत होते. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समधल्या एखाद्या आजीला असंच झालं असतं, तर दाराशी कोण दिसलं असतं? मला वैद्यकीय शब्दांच्या उगमांचा नाद आहे, आणि ते उगम वारंवार ग्रीकांच्या पाताळात नेऊन सोडतात, म्हणून हे थोडं वाचलेलं आहे.

ग्रीकांचा मृत्यू म्हणजे थॅनाटॉस. हा निक्सचा, म्हणजे रात्रीचा मुलगा, आणि त्याचा जुळा भाऊ हिप्नॉस, म्हणजे झोप. होमरच्या 'इलियड'मध्ये सार्पिडॉन नावाचा वीर रणांगणात पडतो, तेव्हा हे दोघे भाऊ त्याला उचलून त्याच्या गावी पोचवतात. युफ्रोनिऑस नावाच्या कलावंताने इसवी सनापूर्वी ५१५ च्या सुमारास एका मोठ्या मद्यपात्रावर हे दृश्य रंगवलं आहे. दोन पंखवाले पुरुष एका धिप्पाड, रक्त वाहत असलेल्या देहाला सांभाळून उचलत आहेत. वॉर्डबॉय चांगला असेल तर पेशंटला स्ट्रेचरवर घेतो ना, तसं. भीती वाटावी असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही.

मग भीतीचं काय? ती ग्रीकांनी वेगळी काढली. लढाईतलं आणि रोगराईचं क्रूर मरण आणणाऱ्या 'केर' नावाच्या देवता निराळ्या. नखांच्या, रक्त पिणाऱ्या. पाताळाचा राजा हेडिस आणखी निराळा. तो कुणाला मारत नाही, न्यायलाही येत नाही. खाली आलेल्यांवर राज्य करतो, एवढंच. नदी ओलांडून देणारा नावाडी कॅरॉन, दाराशी तीन तोंडांचा कुत्रा, न्यायनिवाड्याला मायनॉस आणि त्याचे दोन सहकारी. प्रत्येक कामाला वेगळा माणूस.

आपल्याकडे ही बरीचशी खाती एकट्या यमाकडे आहेत. सोबतीला हिशेबाला चित्रगुप्त आणि फिल्डवर्कला दूत. कुत्रे आपल्याकडेही आहेत, चार डोळ्यांचे दोन, थेट ऋग्वेदातले. नदी आहे, वैतरणी. ग्रीक लोक प्रेताच्या तोंडात नावाड्यासाठी नाणं ठेवत, आपण तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवतो. ग्रीकांच्या तीन दैवबहिणी आयुष्याचा धागा कातत, मोजत आणि कापत. आपल्याकडे सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते. यम मुळात क्रूर नव्हता, हे मात्र आपण विसरलो. ऋग्वेदात तो मरण पावलेला पहिला माणूस आहे. तो आधी गेला, वाट शोधली, मागून येणाऱ्यांसाठी जागा केली. रेडा, दोर आणि तेलाच्या कढया पुढे पुराणांनी आणि कॅलेंडरांनी मोठ्या केल्या.

कार्लिस ओसिस आणि एर्लेंदूर हाराल्डसन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या आणि उत्तर भारतातल्या डॉक्टर-नर्सेसना विचारलं, की मरणाच्या दारातल्या रुग्णांना काय दिसतं. त्यांचं पुस्तक १९७७ साली आलं. अमेरिकन रुग्णांना बहुतेक करून गेलेले नातेवाईक दिसत. भारतीय रुग्णांत देवादिकांचं आणि यमदूतांचं प्रमाण बरंच जास्त होतं, आणि त्यातले काही जायला साफ नकार देत. लेखकांनी यावरून मरणोत्तर जीवनाचा पुरावा काढला, तो मला पटत नाही. निरीक्षण मात्र माझ्या दवाखान्यातल्या अनुभवाशी जुळतं. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरीचा यांनी इयान स्टीव्हनसन यांच्यासोबत १९८६ मध्ये मरणाच्या दारातून परतलेल्या १६ भारतीयांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यात वारंवार येणारी हकीकत अशी, की दूत घेऊन गेले, वर वही पाहिली, चुकीचा माणूस आणला म्हणून परत पाठवलं. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे खरं वाटेल.

आता माझ्या कपाटाकडे वळतो, म्हणजे औषधांच्या. मॉर्फिनचं नाव मॉर्फियसवरून, तो स्वप्नांचा देव. झोपेच्या गोळ्यांना हिप्नॉटिक म्हणतात, ते हिप्नॉसवरून. लेथी ही पाताळातली विसरायला लावणारी नदी, तिच्यावरून लेथार्जी, म्हणजे आपली सुस्ती. युथनेशिया या शब्दात खुद्द थॅनाटॉस बसला आहे. आणि धागा कापणाऱ्या तिसऱ्या बहिणीचं नाव अ‍ॅट्रोपॉस. जिला वळवता येत नाही, ती. लिनियसने १७५३ साली एका विषारी झुडपाला तिचं नाव दिलं, अ‍ॅट्रोपा बेलाडोना. त्यातून निघालं अ‍ॅट्रोपीन.

हे औषध विदर्भातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात खोक्यांनी लागतं. कशासाठी, ते इथे कापूस पिकतो म्हणजे ओघानेच आलं.

नव्वदच्या दशकात मी एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा निवासी डॉक्टर होतो. कपाशीवर फवारणीचे दिवस. रात्री यवतमाळकडचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आणला. फवारणीचं औषध प्यायलेला. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. ऑर्गॅनोफॉस्फेट विषाने असं होतं. शरीरात नसांचे निरोप पोचवणारं एक रसायन आहे, ते काम झाल्यावर पुसून टाकणारं एन्झाइम हे विष बंद पाडतं. निरोप थांबतच नाहीत. लाळ, घाम, छातीतलं पाणी सुटत राहतं आणि माणूस आपल्याच पाण्यात बुडतो. अ‍ॅट्रोपीन ते निरोप अडवतं. एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम. छाती साफ होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट डोस. मी आणि एक सिस्टर कुप्या फोडत होतो. पहाटे ट्रे काचांनी भरला होता आणि मुलाची छाती कोरडी झाली होती.

दुसऱ्या रात्री तो ओरडू लागला. चादर ओरबाडायचा, हवेतलं काहीतरी पकडायचा. पायापाशी रेडा उभा आहे म्हणायचा. आई माझ्याकडे धावत आली.

"सायेब, तो आला जी. पोराले दिसून राह्यला. सुटी देऊन टाका, घरी नेतो. आपल्या घरी तरी मरू द्या."

बाप कागदावर अंगठा उमटवायला तयार होता. मी मुलाकडे पाहिलं. बाहुल्या मोठ्या, कातडी गरम आणि कोरडी, नाडी १४०, पोटाचे आवाज बंद. आमचं अ‍ॅट्रोपीन जास्त झालं होतं. रेडा माझ्याच सुईतून आला होता! मी डोस कमी केला. पण बाईला कसं सांगायचं? एसिटाइलकोलीन वगैरे सुरू केलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबलो. वॉर्डातल्या वयस्कर मावशी पुढे आल्या. "बाई, तुमच्या धुऱ्यावर धोत्रा असते ना? तो खाल्ला का माणूस कसा करते?"

"येड्यावानी करते."

"मंग तेच औषध देल्लं त्याले. जहराचा उतारा हाय तो. उतरंन."

बाई खाली बसली. कागद तसाच राहिला. मुलगा अकराव्या दिवशी चालत घरी गेला. कर्ज होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही असलं विचारत नसू.

मावशींचं औषधशास्त्र बरोबर होतं. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन आणि त्याच्याच जातीची द्रव्यं असतात. हा धोत्रा आपण शंकराला वाहतो, आणि शंकर म्हणजे मृत्युंजय. सोळा वर्षांच्या मार्कंडेयाच्या गळ्यात यमाने फास टाकला, तेव्हा मध्ये पडलेला. लिनियसने ग्रीकांच्या धागा कापणारीचं नाव दिलेलं आणि आपण मृत्यूला परतवणाऱ्याच्या माथ्यावर ठेवलेलं द्रव्य एकच निघावं, हा योगायोगच. पण त्या रात्रीनंतर मला तो विसरता आलेला नाही. (धोत्रा कशावरही घरगुती उपाय म्हणून घेऊ नका. त्याचे रुग्णही मी पाहिले आहेत.)

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची बाधा होऊन विसाहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यांनी विष प्यायलं नव्हतं, फक्त फवारणी केली होती. उंच वाढलेल्या कपाशीत, वाऱ्याच्या तोंडावर, उघड्या अंगाने. विष श्वासातून आणि कातडीतून आत जातं. म्हणून बाधा झालेल्या माणसाचे कपडे आधी काढा, साबणाने अंग धुवा, आणि औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलाचा फोटो दवाखान्यात न्या. अ‍ॅट्रोपीन सगळ्याच कीटकनाशकांवर उतारा नाही. आत काय होतं हे कळलं, तरच पुढचं ठरवता येतं.

आजी आणि तो मुलगा, दोघांनाही यम दिसला होता आणि दोघांच्याही घरच्यांनी हात टेकले होते. म्हणून माझं सांगणं असं: घरातलं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदललं, संध्याकाळी जास्त बरळू लागलं, कोणी दिसतं म्हणू लागलं, तर ते डिलिरियम असू शकतं आणि ते पुष्कळदा बरं होतं. म्हाताऱ्यांत लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, कमी पडलेला ऑक्सिजन, झोपेच्या नव्या गोळ्या, तुंबलेली लघवी, अगदी चार दिवस साफ न झालेलं पोटही पुरतं. रोज दारू पिणारा माणूस भरती होऊन दोन-तीन दिवस झाले आणि त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, तर ती दारू सुटल्याची खूण आहे आणि जिवाला धोका आहे. गंगाजल द्या, माझी हरकत नाही. पण रक्तही तपासून घ्या.

याच्या उलटही एक चूक आहे, आणि ती आम्हा डॉक्टरांची. ग्रीकांचा सिसिफस थॅनाटॉसलाच फसवून साखळदंडाने बांधून ठेवतो. पृथ्वीवर मरण बंद. शेवटी युद्धदेव एरीस येऊन थॅनाटॉसला सोडवतो, कारण कुणी मरेना तर युद्धाला अर्थ काय. अ‍ॅस्क्लेपियस हा आमच्या धंद्याचा मूळपुरुष. त्याची साप गुंडाळलेली काठी अजून आमच्या चिन्हांत आहे. तो मेलेल्यांना उठवू लागला, तेव्हा हेडिसने तक्रार केली की माझी प्रजा घटली, आणि झ्यूसने वीज टाकून त्याला मारलं. आपल्याकडच्या सुभाषितकाराने वैद्याला यमाचा सख्खा भाऊच करून टाकलंय. यम नुसते प्राण नेतो, हा पैसेही नेतो, म्हणून. आयसीयूचं बिल पाहिलेल्या माणसाला मी या श्लोकाबद्दल काय बोलणार?

कर्करोग सगळीकडे पसरलेल्या ८५ वर्षांच्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून आठवडे काढणं हा सिसिफसचाच उद्योग आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचं दार थोडं उघडलं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. मला कृत्रिमरीत्या जगवत ठेवू नका, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ मध्ये त्याची पद्धतही सोपी केली गेली. माझ्या पेशंटांपैकी फारच थोड्यांनी असं लिहून ठेवलं आहे. मीही अजून नाही. विषय काढला की घरात सगळे म्हणतात, अशुभ बोलू नको.

माझ्या आईला अशुभ वगैरे वाटत नसे. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून ठेवायची, तेव्हा यमाचं नाव ती शेजाऱ्यासारखं घ्यायची. भाऊबीजेला तर दरवर्षी गोष्ट सांगे. यम कुणाच्याच घरी जात नाही, कारण त्याला कोण बोलावणार. पण त्याची बहीण यमुना बोलावते, ओवाळते, जेवू घालते. "त्याच्या घरीही बहीण आहे," एवढं म्हणून ती मामाच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढे. मामा वर्ध्याजवळच्या गावाहून यायचा. माझ्या लहानपणी बैलबंडी जुंपून, पुढे एसटीने. त्याला जाऊन आता वीस वर्षं होतील.

८४ व्या वर्षी तिचं हृदय थकलं. दोनदा भरती करून आणलं, तिसऱ्यांदा ती नको म्हणाली. घरीच पलंग लावला. ताई राहायला आली. एका रात्री दोनच्या सुमारास आई स्वच्छ आवाजात म्हणाली, "दादा आलाय. दारात उभा आहे."

मी लगेच ऑक्सिजन पाहिला, साखर पाहिली, पहाटे रक्त पाठवलं. सोडियम १३८. लघवी साफ. गोळ्यांत नवीन काही नव्हतं. वार विचारले, तर तिने उलटे घडाघडा म्हणून दाखवले आणि "माझी परीक्षा काय घेतोस" म्हणाली. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू डॉक्टर आहेस ना? सलाईन तरी लाव." मी रिपोर्ट तिच्या हातात दिला. पंचवीस वर्षं मी असे रिपोर्ट लोकांच्या हातात देत आलो आहे. या वेळी त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. या वेळी मी साखर तपासली नाही. खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "मामा काय म्हणतो?"

"काही नाही. बंडी जुंपून ठेवली आहे म्हणतो. घाई नाही म्हणाला." मग ताईकडे वळून, "त्याला आत बोलाव ना. बाहेर कशाला उभा ठेवलास."

ताईने उठून दार उघडलं. पहाटेपर्यंत ते उघडंच होतं. डास येत होते, पण कुणी काही बोललं नाही.